शिलाई धरून

सोमनाथने पिकअपचं सीट गाळ्याच्या दारात उलटं टाकलं होतं आणि गुडघ्यावर बसून तो जुन्या पिना उपटत होता, तेव्हा आईचा फोन आला.

"सोमा, पुष्पी उठंना."

"झोपली आसंल. रातच्याला लई येळ मशीनवर व्हती."

"न्हाई रं. मशीनवरच मान टाकलीया. हाक मारली तर बघंना."

"येतो," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. सीटच्या एका बाजूच्या सात-आठ पिना राहिल्या होत्या. त्याने त्या उपटल्या. का उपटल्या, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. हात चालू होता, तो चालू राहिला, एवढंच. मग शटर ओढून त्याने मोटारसायकल काढली.

आळेफाट्यावरून बोरी बुद्रुक पंधरा-वीस मिनिटांची वाट. तो पोचला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याच्या बायकोला, पुष्पाला, जीपमध्ये घातलं होतं. नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला, इथे आणण्याच्या आधीच संपलं होतं.

"किती वाजता?" सोमनाथने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, नेमकं सांगता येणार नाही, पण आणायच्या तासभर आधी तरी. म्हणजे आईने फोन केला त्याच्याही आधी. त्या सात-आठ पिनांनी काही फरक पडला नव्हता. हे कळल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने गाळा उघडला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. भिमाजीआण्णांच्या मंगल कार्यालयाच्या एकशेवीस खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सगळ्यांचं जुनं कापड आणि फोम काढलेला, नुसते सांगाडे. नव्या खोळींसाठी मरून रंगाचं रेक्झिन कापून तयार होतं, बसायच्या भागाचे तुकडे एका गोणीत, पाठीचे दुसऱ्या गोणीत. फक्त शिवायचे होते. तो दारात उभा राहिला, आत गेला, बाहेर आला. टपरीवर चहा सांगितला आणि चहा यायच्या आधीच उठून परत गाळ्यात आला. बसावं असं वाटत नव्हतं आणि उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी भिमाजीआण्णा आले. साठीचा माणूस, धोतर, पायात नवे बूट.

"दहाव्याला आलो व्हतो. पर तुझ्याशी बोलाय जमलं न्हाई."

"बघितलं मी, आण्णा. बसा."

"कशावर बसू? खुर्च्या तर समद्या सोलून ठेवल्यास."

बोलून झाल्यावर आण्णांना ते बरं वाटलं नाही. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"गडबड न्हाई करत म्या. पर तुळशीचं लगीन झालं की चौथ्या दिवशी आपल्याकडं पयलं कार्य हाय. वावरात मांडव घालून पंगत बसवायचे दिस गेले, राव. लोक खुर्ची बघून कार्यालय ठरवत्यात."

"देतो की."

"शिलाईचं काय करशील?"

"बघतो."

आण्णा गेले. सोमनाथने एक खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली, मग तीच उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

हे काम त्याने आषाढात घेतलं होतं. कापड आणि फोम आण्णांचा, मजुरी तेवढी सोमनाथची. आण्णांनी आधी ओतूरच्या गोरखला विचारलं होतं. गोरखचं कुशनचं दुकान दहा वर्षांचं, हाताखाली दोन कारागीर. त्याने खुर्चीमागे एकशेनव्वद मजुरी सांगितली होती. सोमनाथने एकशेदहा सांगितली.

"ऐंशी रुपयांचा फरक?" आण्णांचा विश्वास बसला नव्हता. "तुझं काम कच्चं हाय का त्याचा भाव लबाड हाय?"

"लुटतोय त्यो, आण्णा. गिऱ्हाईक दिसलं की हात त्याच्या खिशातच घालतो. माझा हिशोब सरळ हाय. दिसाला आठ खुर्च्या हुत्यात. सुताराला नऊशे हजेरी पडती. नऊशेला आठनं भागा. एकशेबारा. वरचे दोन रुपये तुमाला सोडले."

आण्णा खूश झाले होते, आणि सोमनाथही. तीन वर्षांपूर्वी गाळा घेतला तेव्हापासून त्याचा हा असाच हिशोब होता. आपला दिवस किती, त्यात काम किती. जास्त घ्यायचं नाही, कमी सांगून मागून वाढवायचं नाही. आळेफाट्यावरचे पिकअपवाले त्याला सरळ माणूस म्हणायचे आणि ते ऐकून त्याला बरं वाटायचं.

गाळा घेण्याआधी अकरा वर्षं तो भोसरीत सोफ्याच्या कारखान्यात होता. सांगाडा, पट्टे, फोम आणि शेवटी खोळ चढवून ठोकणं, एवढं त्याचं काम. खोळी वरच्या मजल्यावर शिवल्या जायच्या. तिथे बायका असायच्या असं त्याने ऐकलं होतं, वर तो कधी गेला नाही. शिवलेल्या खोळी ट्रॉलीतून खाली यायच्या. गावी आल्यावर तो संध्याकाळी कापलेले तुकडे पिशवीत भरून घरी न्यायचा आणि सकाळी शिवलेल्या खोळी हँडलला अडकवून गाळ्यावर आणायचा. पुष्पा लग्नाआधी ब्लाउज शिवायला शिकली होती. रेक्झिन तिला महिन्याभरात जमलं. घरखर्चाला तो आठवड्याला जमेल तेवढे पैसे तिच्या हातात द्यायचा. ती कमी म्हणाली नाही. मंचरला नर्सिंगला असलेल्या मुलीची, संस्कृतीची फी, खोलीचं भाडं, सगळं तीच बघायची. पुष्पा भागवते, असं तो कौतुकाने सांगायचा.

आता तो एक खुर्ची घेऊन आळेफाट्यावरच्या एका टेलरकडे गेला. टेलर म्हणाला, रेक्झिन माझ्या मशीनवर नको, सुया मोडतात. दुसऱ्याने खुर्ची नीट पाहिली, बोटांनी कोपरे मोजले.

"बैठक आन पाठ, दोन खोळी. वर समद्या कडेला पायपिंग. शंभराच्या खाली परवडत न्हाई, भाऊ."

"शंभर? एका खुर्चीला?"

"मग तुमी आजपातुर काय देत व्हता?"

सोमनाथने खुर्ची उचलली आणि तो तिथून निघाला. रस्त्यात ती खुर्ची एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. शंभर दिले तर आपल्याला दहा राहतात. एकशेवीस खुर्च्या पंधरा दिवस ठोकायच्या आणि दिवसाला ऐंशी रुपये घरी न्यायचे. गाळ्याचं भाडंही त्यातून निघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच मशीनवर बसला.

त्या दिवसापासून मशीनला कुणी हात लावला नव्हता. मशीनच्या पायाखाली एक तुकडा तसाच दाबलेला होता, सुई आत. तपकिरी रेक्झिन, पिवळं पायपिंग. सोमनाथला तपकिरी काम आठवेना. पुष्पाने कुणाचं तरी किरकोळ घेतलं असेल, असं म्हणत त्याने सुई वर केली, दोरा तोडला आणि तो तुकडा घडी करून फळीवर ठेवला. सुंदराबाई, त्याची आई, दारातून बघत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. मग ती शेळ्या सोडायला निघून गेली.

कुठल्या तुकड्याला कुठला तुकडा जोडायचा, हे सोमनाथला पाठ होतं. कापले त्यानेच होते. पण रेक्झिन सरकत होतं. पायपिंग एका बाजूने वर येत होतं. पहिल्या कोपऱ्यावर दोरा तुटला, दुसऱ्या कोपऱ्यावर सुई. त्याने उसवलं, पुन्हा लावलं. रेक्झिनवर आधीच्या टाक्यांची भोकं तशीच राहिली. मान अवघडली म्हणून उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. सकाळच्या चहानंतर बसलेला तो दुपारच्या भाकरीपर्यंत एका खुर्चीच्या दोन खोळी घेऊन उठला. एक कोपरा पुरचुंडीसारखा चुरगळला होता.

सुंदराबाईने खोळ हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"कुणाच्या लग्नात हिच्यावर बसवायचं?"

"हसू नको, आये."

"हसत न्हाई. पुष्पी एवढ्या येळात चार करायची. आन मधी उठून भाकऱ्या थापायची."

सोमनाथ जेवला नाही. मोटारसायकल काढून ओतूरच्या रस्त्याला लागला. गोरखकडे शिवायला कुणीतरी बाई असणार, तिला विचारावं, असं त्याच्या मनात होतं. पिंपरी पेंढारपर्यंत गेला आणि थांबला. ज्याला तीन वर्षं लुटारू म्हटलं त्याच्या दारात जाऊन काय तोंडाने विचारायचं? रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो बराच वेळ कांद्याच्या रोपांना पाणी देणाऱ्या माणसाकडे बघत राहिला. मग परत फिरला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो पिंपरी पेंढारला थांबला नाही.

गोरखचं दुकान त्याच्या गाळ्याच्या तिप्पट होतं. पण आत मशीनचा आवाज नव्हता. एक कारागीर फोमच्या ढिगावर बसून मोबाइल बघत होता. भिंतीला टेकवून बसची वीस-पंचवीस सीटं ओळीने उभी केलेली, फोम चिकटवलेली, उघडी. पुढे चार-पाच पूर्ण झालेली होती. तपकिरी रेक्झिन, पिवळं पायपिंग.

गोरख काउंटरमागून उठला. पन्नाशीचा, अंगाने बारीक, कानावर पेन्सिल. दहाव्याला तो नदीकाठी आला होता, सगळ्यांच्या मागे उभा राहून कुणाशी न बोलता गेला होता. तेव्हा सोमनाथला वाटलं होतं, धंद्यातला माणूस आहे, बघायला आला असेल आपलं किती मोडलं ते.

"या भाऊ. मीच येणार व्हतो. पाय उचलना."

"एक इचारायचं व्हतं."

"इचारा."

"तुमचं शिलाईचं काम कोण करतं?"

गोरख त्याच्याकडे बघत राहिला. फोमवरच्या कारागिरानेही मोबाइल खाली केला.

"तुमाला खरंच ठावं न्हाई?" गोरख म्हणाला.

सोमनाथ त्या पूर्ण झालेल्या सीटांपैकी एकाजवळ गेला होता. पायपिंगचा जोड लोक मागच्या बाजूला घेतात, कुणाला दिसू नये म्हणून. हा जोड खालच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर होता. तिथे खोळ ओढून ठोकताना ताण सगळ्यात कमी येतो. दोरा आत वळवून त्यावर तीन उलटे टाके. तीन वर्षं रोज खोळी चढवताना तो जोड त्याच्या अंगठ्याखाली आला होता. त्याने अंगठा त्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"कधीपासनं?"

"अडीच वर्सं झाली. दुधाच्या गाडीनं गठ्ठा जायचा, दुधाच्या गाडीनं यायचा. दिवसा माझं, सांजच्याला तुमचं, आसं त्यांचं व्हतं. कुणाला सांगायचं न्हाई ही वहिनींची अट व्हती. म्या न्हाई सांगितलं. ह्यांनीबी न्हाई." त्याने कारागिराकडे मान हलवली.

"काय देत व्हता?"

"आण्णांच्या खुर्चीसारखं काम आसलं तर ऐंशी. म्या साठ म्हणलो व्हतो." गोरखला हसू आलं. "वहिनी काय म्हणल्या ठावं हाय? खुरपायला गेले तर चारशे हातात पडत्यात, दुपारचा चहा येगळा. इथं मान माझी जाती, डोळं माझं जात्यात. दोरा माझा, सुई माझी, लाइट माझी. आन शिकायला लागलेली वर्सं काय तुमी दिली न्हाईत. ऐंशी. जमत आसंल तर गाडी पाठवा, न्हाईतर दूध तेवढं पाठवा." तो थांबला. "लई हुशार बाई व्हती, भाऊ."

एकशेदहा आणि ऐंशी. सोमनाथला ही बेरीज करायला कागद लागला नाही.

"आण्णाच्या खुर्च्यांना तुमी एकशेनव्वद सांगितले व्हते."

"व्हय. तुमी एकशेदहानं उचलल्या. तवा म्या वहिनींना म्हणलंबी, जरा सोमनाथभाऊंच्या कानावर घाला, आमी मरतोय हिकडं."

"मग? काय म्हणली ती?"

"काय न्हाई. हसल्या."

चहा आला. सोमनाथने कप हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"शेवटच्या महिन्याचं संस्कृतीच्या खात्यावर टाकलं," गोरख म्हणाला. "दर महिन्याला तिकडंच जायचं."

"बरं केलं."

"तुमी शिवणारी शोधताय का? आमीबी शोधतोय. पिंपरी पेंढारला एक हाय, उज्ज्वला म्हणून. ब्लाउज शिवती, हात चांगला हाय. म्या गेलो तर न्हाई म्हणली. तुमी बघा इचारून. मिळाली तर निम्मी माझी." हा विनोद होता की मागणं, ते त्यालाही ठरवता येईना.

निघताना सोमनाथने नमुना म्हणून पुष्पाच्या हातची एक खोळ मागून घेतली. गोरखने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

घरी येऊन तो थेट फळीकडे गेला. घडी केलेला तपकिरी तुकडा खाली काढला. सुंदराबाई शेंगा फोडत बसली होती.

"ते ओतूरचं हाय," ती म्हणाली.

"तुला ठावं व्हतं."

"घरात ऱ्हाते म्या. मला नसंल ठावं?"

"मग मला का न्हाई सांगितलं? तिनं का न्हाई सांगितलं?"

सुंदराबाईने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"तू जेवताना फोनवर लोकांना भाव सांगायचास. आठवतंय? सुताराची हजेरी, दिसाचं काम, समदं मोठ्यानं. ती हातात भाजीचं पातेलं घेऊन हुबी आसायची. एकदा तिच्याकडं बघून भाव सांगितला आसतास, तर सांगितलं आसतं तिनं. म्या तिला म्हणलंबी, तूच बोल. तर म्हणली, मोजणाराला दिसंना तर मी काय वरडून सांगू?"

सोमनाथ अंगणात गेला. शेळीचं दावं सुटलं नव्हतं तरी सोडून पुन्हा बांधलं.

सकाळी तो भिमाजीआण्णांच्या कार्यालयात गेला. स्टेजच्या मागे रंग चालू होता. आण्णा एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसून रंगाऱ्यांवर नजर ठेवून होते.

"आण्णा, खुर्च्यांचा भाव मी चुकीचा सांगितला."

"म्हंजे?"

"एकशेनव्वद पडतील. शिलाई धरून."

आण्णांनी रंगाऱ्यांकडची नजर काढली. "बायको गेली आन भाव वाढला व्हय रं?"

एक रंगारी ब्रश हातात धरून थांबला. आण्णांच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते, पण बोलून झालं होतं.

"वाढला न्हाई," सोमनाथ म्हणाला. "आधी मोजला नव्हता."

"शब्द दिला व्हतास तू."

"दिला व्हता. माझ्या हाताचा दिला, तो हाय. एकशेदहाच्या वर मला एक रुपाया नको. तिच्या हाताचा शब्दबी मीच देऊन बसलो. तिला इचारलं नव्हतं."

आण्णांनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली, मळली नाही, परत ठेवली.

"हे बघ सोमनाथ. तुझ्यावर वंगाळ येळ आलीया, मला कळतंय. एकशेचाळीस घे. वरचे तीस तुझ्याकडं बघून."

"माझ्याकडं बघून नको, आण्णा. शिलाईकडं बघून द्या, न्हाईतर देऊ नका."

"तापट झालायस."

"तापट न्हाई."

"मग गोरखला दिलं तर? तो तरी पयल्यापासनं खरं बोलत व्हता."

"द्या. त्याचा भाव बरोबर व्हता. मीच त्याला लुटारू म्हणायचो, तुमच्यापुढंबी म्हणलोय. पर त्याच्याकडंबी शिवाय कुणी न्हाई. काल जाऊन आलो."

"त्याच्याकडं का न्हाई?"

सोमनाथने स्टेजकडे पाहिलं. रंगाऱ्यांनी पाठीमागची भिंत गुलाबी केली होती, वरचा पट्टा अजून पांढरा होता.

"त्याची शिवणारी गेली," तो म्हणाला.

आण्णांना त्यातलं किती कळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. ते स्टुलावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून.

"शिवणारी आण. तिला हिकडं घेऊन ये. तिचं मी तिच्या हातात देईन, खुर्चीला ऐंशी. तुझ्या हातात न्हाई. तुझ्या हातात एकशेदहाच."

"चालंल."

"चालंल म्हणतोय," आण्णा रंगाऱ्यांना म्हणाले, जणू त्यांनीच विचारलं होतं. "आणि तो वरचा पट्टा कवा भरणार? पगार घेताय ना दिसाचा?"

उज्ज्वलाचं घर पिंपरी पेंढारच्या वरच्या आळीला होतं. ओसरीत मशीन, दोरीवर ब्लाउज अडकवलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. ती चाळिशीची होती, गळ्यात मोजायची पट्टी. सोमनाथने पिशवीतून नमुन्याची खोळ काढून तिच्या हातात दिली. तिने ती खिडकीजवळ नेली, उलटी केली आणि कोपऱ्यावर थांबली.

"हे कुणी शिवलंय?"

"आमच्या घरच्यांनी. पुष्पा नाव."

"गेल्या ना त्या? बोरीच्या?"

"व्हय."

तिने जोडावर नख फिरवलं. "हे मला लगीच जमायचं न्हाई, भाऊ. खोटं कशाला सांगू? ओतूरवाल्यांना त्याच्यासाठीच न्हाई म्हणलं. आन रेक्झिन एवढ्या जाड सुईनं म्या कवा शिवलं न्हाई."

"येळ लागला तर लागू द्या."

"भाव काय देणार?"

"तुमी सांगा. एका खुर्चीचं शिवून बघा, घड्याळ लावून. दोरा, सुई, लाइट धरा. मान दुखली तर तीबी धरा. मग सांगा."

उज्ज्वला हसली. "आसं कुठलं गिऱ्हाईक बोलतं? उद्या म्या दोनशे सांगितले तर?"

"तर दोनशे कशाचे, ते सांगा. पटलं तर मी पुढं बोलतो. ऐंशी तर आत्ताच कबूल हायेत, आण्णांच्या तोंडचे."

तिने खोळ मांडीवर ठेवली आणि घडी केली. हिशोबाला सुरुवात कुठून करायची, एवढंच तिला बघायचं होतं, त्यात दुसरं काही नव्हतं.

"आन वहिनींना काय देत व्हता?"

"ओतूरवाले ऐंशी द्यायचे."

"ओतूरवाल्यांचं न्हाई इचारत. तुमी काय देत व्हता?"

सोमनाथने पिशवी तोंडाकडून धरली आणि तिच्या खाटेवर उलटी केली. मरून रेक्झिनचे तुकडे पसरले. त्याने बैठकीचे एका बाजूला लावले, पाठीचे दुसऱ्या बाजूला, कडा जुळवून. पाच खुर्च्यांचं आणलं होतं. जुळवून झाल्यावर पुन्हा जुळवलं. उज्ज्वला वाट बघत होती. मग तिने मशीनचं झाकण काढलं आणि डब्यात जाड सुई शोधायला लागली.

"परवा या," ती म्हणाली.

तो बाहेर आला. मोटारसायकल चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली.

तुळशीच्या लग्नाला सव्वीस दिवस होते. एकशेवीस खुर्च्यांची शिलाई व्हायची होती आणि उज्ज्वलाला उत्तर द्यायचं राहिलं होतं.